डोळे थकले, पण मीटर म्हणतो नाही: कागद विरुद्ध स्क्रीन

आजचा भाग एका विचित्र प्रयोगापासून सुरू करतो. तुम्हाला खुर्चीत बसवलंय, डोळ्यांच्या कडेला इलेक्ट्रोड चिकटवलेत आणि समोर अ‍ॅडम स्मिथचं 'वेल्थ ऑफ नेशन्स' ठेवलंय. अर्थशास्त्राचं ते जाडजूड पुस्तक. सलग सहा तास वाचायचं. मधेमधे प्रश्न विचारणार, म्हणजे नुसती नजर फिरवून भागणार नाही. नशीब जोरावर असेल तर स्मिथऐवजी 'लोर्ना डून' ही कादंबरी वाट्याला येईल.

हा प्रयोग खरंच झाला. अमेरिकेत, १९४० च्या दशकात. करणारे दोघे मानसशास्त्रज्ञ, लेनर्ड कारमायकल आणि वॉल्टर डिअरबॉर्न. कारमायकल तेव्हा टफ्ट्स कॉलेजचे अध्यक्ष होते, डिअरबॉर्न हार्वर्डचे. वाचायला बसवली होती शाळेतली आणि कॉलेजातली मुलं. डोळ्याच्या पुढच्या आणि मागच्या भागात अगदी बारीकसा विद्युतदाबाचा फरक असतो, त्यामुळे डोळा हलला की कडेचा इलेक्ट्रोड ते टिपतो. तेव्हा हे कागदाच्या पट्टीवर उमटायचं. सहा तासांच्या पट्टीची लांबी किती झाली असेल, विचार करा.

पण मी हा प्रयोग निवडला तो वेगळ्या कारणासाठी. यात काही वाचन छापील पुस्तकातून होतं आणि काही मायक्रोफिल्मवरून. मायक्रोफिल्म म्हणजे पानाचा फोटो काढून तो छोट्या फिल्मवर बसवायचा आणि वाचताना यंत्रात घालून उजेडाने मोठा करून पडद्यावर बघायचा. जुनी वर्तमानपत्रं ग्रंथालयं अशी जपून ठेवायची. म्हणजे कॉम्प्युटर टेबलावर यायच्या कितीतरी आधी 'उजेडाचा पडदा विरुद्ध कागद' हा सामना लावून झाला होता.

निकाल १९४७ मध्ये पुस्तकरूपाने आला आणि तो जवळजवळ कोरा होता. सहाव्या तासालाही डोळे साधारण पहिल्या तासासारखेच हलत होते. वाचलेलं समजत होतं. पुस्तक असो की मायक्रोफिल्म, मोठा फरक नाही.

आता मला सांगा, संध्याकाळी सहा वाजता तुमच्या डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं, कपाळाच्या मागे ठणकतं, ते काय असतं मग?

माणूस म्हणतो डोळे थकले, मीटर म्हणतो थकले नाहीत. विश्वास कुणावर ठेवायचा? आजच्या भागाचा खरा प्रश्न हा आहे. आणि हा चहाच्या टपरीवरचा प्रश्न नाही. पुढे १९७० आणि ८० च्या दशकांत हजारो माणसांच्या कामाच्या वेळा, विश्रांती आणि नोकरीतली इज्जत या एका उत्तरावर अवलंबून होती. तिकडे जाण्याआधी थोडं मागे जाऊ.

काम करून डोळे बिघडतात हे लोकांना फार पूर्वीपासून माहीत होतं. इटलीतल्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या डॉक्टरने १७०० साली कामगारांच्या रोगांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. रोग्याला 'तुम्ही काम काय करता?' हे विचारा, असं डॉक्टरांना सांगणारा हा माणूस. बारीक कलाकुसर करणाऱ्यांचे डोळे कसे जातात, हे त्यात आहे. पण मोजमाप नाही, निरीक्षण आहे.

मोजमापाची सुरुवात पॅरिसमध्ये. एमिल जावाल हा डोळ्यांचा डॉक्टर. १८७९ च्या आसपास त्याच्या प्रयोगशाळेतून एक गोष्ट पुढे आली: वाचताना नजर ओळीवरून सरळ घसरत जात नाही, ती टुणटुण उड्या मारते. थांबते, उडी मारते, थांबते. त्याचा सहकारी लामार याने या उड्या चक्क कानाने मोजल्या. पापणीवर एक बोथट टोक, त्याला रबरी नळी, नळी कानात. डोळ्याने उडी मारली की 'टक'. पॉडकास्टवर सांगायला याहून चांगला प्रयोग मला मिळणार नाही. जावालची पुढची गोष्ट मात्र ऐकवत नाही. त्याला काचबिंदू होता आणि १९०० पर्यंत तो पूर्ण आंधळा झाला. वाचनाच्या शरीरशास्त्रावरचं त्याचं मोठं पुस्तक १९०५ चं आहे. तेव्हा त्याला स्वतःला एक अक्षर दिसत नव्हतं.

जावालनंतर दोन-तीन दशकं सगळे शोधत होते तो डोळ्याचा 'थकवामापक'. इटलीतच आंजेलो मोस्सोने बोटाच्या थकव्यासाठी यंत्र केलं होतं: बोटाने वजन उचलत राहा, उचल कमी होत गेली की थकलं. डोळ्यांच्या डॉक्टरांना वाटलं, हेच डोळ्यालाही लावू. जवळचं बघताना डोळ्यातलं भिंग फुगवावं लागतं, ते काम एक छोटा स्नायू करतो. मग एक अक्षर पट्टीवरून हळूहळू नाकाकडे आणायचं आणि ते पुसट कधी होतं ते अंतर टिपायचं. कामाच्या आधी एकदा, नंतर एकदा. अंतर वाढलं तर स्नायू दमला. कल्पना छान आहे. अडचण अशी की अंतर वाढतं ते अगदी थोडं, आणि ज्याचं वाढलं त्यालाच त्रास होतो असंही नसतं.

आणि मग आले बल्बवाले.

मॅथ्यू लकीश हा जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या क्लीव्हलंडमधल्या नेला पार्क इथल्या प्रकाश-संशोधन प्रयोगशाळेचा प्रमुख. फ्रँक मॉस हा त्याचा जोडीदार. १९३७ मध्ये त्यांचं 'द सायन्स ऑफ सीइंग' आलं. त्यांचं माप साधं होतं: पापण्यांची उघडझाप मोजा. तासभर वाचायला लावा, सुरुवातीच्या मिनिटांत किती वेळा पापणी लवली आणि शेवटच्या मिनिटांत किती, ते बघा. वाढली तर डोळ्यांवर ताण. उजेड कमी असला की उघडझाप जास्त वाढते असं त्यांना दिसलं. अर्थात, उजेड वाढवा. अर्थात, बल्ब घ्या.

मिनेसोटा विद्यापीठात माइल्स टिंकर नावाचा मानसशास्त्रज्ञ होता. छापील अक्षर किती सुवाच्य असतं, यावर त्याने आयुष्य घालवलं. त्याने लकीशच्या मापावरच बोट ठेवलं. उघडझाप वाचनाच्या सोपेपणाचं विश्वासार्ह माप नाही, असं त्याचं म्हणणं, आणि सामान्य वाचनाला एवढ्या झगझगाटाची गरजही नाही. दोघांचं हे भांडण संशोधन पत्रिकांमधून कित्येक वर्षं चाललं. लकीश लबाड होता असं मला वाटत नाही, त्याने मेहनत प्रचंड केली होती. पण त्याचा पगार बल्बमधून येत होता, हे विसरून त्याचे आलेख बघता येत नाहीत. उघडझापेचं हे माप लक्षात ठेवा, त्याची पुढे मोठी गंमत होणार आहे.

आता येऊ टर्मिनलवर. १९७० च्या दशकात अमेरिका-युरोपात विमा कंपन्या, बँका, वर्तमानपत्रं, टेलिफोन खाती, सगळीकडे टेबलांवर काचेचे जड डबे आले. काळा पडदा, उजळ अक्षरं, अक्षरांच्या कडा खरखरीत, बारीकशी थरथर. वर छताला ट्यूबलाइट आणि तिचं प्रतिबिंब थेट पडद्यावर. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या: डोळे जळतात, दुखतात, घरी जाताना लांबचं पुसट दिसतं.

लोकांच्या मनात तेव्हा भीती होती ती किरणांची. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये टर्मिनलवर काम करणाऱ्या दोन तरुण कर्मचाऱ्यांना मोतीबिंदू निघाला, तेव्हा पत्रकारांच्या युनियनने प्रकरण धसास लावलं. कामगारांच्या आरोग्याकडे बघणारी तिथली सरकारी संस्था आहे, नायॉश. तिची माणसं १९७७ मध्ये उपकरणं घेऊन आली आणि त्यांनी पडद्यातून काय बाहेर पडतं ते मोजलं. घातक असं काही निघालं नाही.

झालं. अनेक मालकांच्या दृष्टीने विषय संपला. किरणं नाहीत म्हणजे त्रास नाही. पण किरणं मोजायचं यंत्र किरणंच मोजतं. जळजळ मोजायला तिथे यंत्रच नव्हतं.

झुरिकमध्ये एटिएन ग्रांजाँ हा माणूस याच काळात अगदी साधं काम करत होता. माणसाला काम जमवून घ्यायला लावण्यापेक्षा काम माणसाला जमेल असं करा, या शास्त्राचा तो युरोपातला मोठा प्राध्यापक. १९८० मध्ये मिलानला टर्मिनलच्या प्रश्नावर परिषद झाली, तिच्यामागे तो होता. त्याच्या गटाने कचेऱ्यांत जाऊन चार तऱ्हेची माणसं तपासली: दिवसभर नुसते आकडे भरणारे, टर्मिनलवर विचारपूस करत काम करणारे, टाइपरायटरवाले टायपिस्ट आणि कागदावरच काम करणारे पारंपरिक कारकून. स्क्रीन विरुद्ध कागद अशी सरळ दोन टोकं न घेता त्यांनी मधले लोक घेतले, म्हणून हे काम मला आवडतं. डोळ्यांच्या तक्रारी टर्मिनलवाल्यांत जास्त होत्या, पण टायपिस्टांतही कमी नव्हत्या. आणि टर्मिनल-टर्मिनलमध्ये फरक होता. ज्या पडद्यांवर अक्षरांचा उजेड जास्त थरथरायचा, तिथे तक्रारी जास्त.

माझी आत्या टायपिस्ट होती. मराठी ४० पास, याचा तिला आजही अभिमान. ती सांगते, टाइपरायटरवर पान संपलं की नवा कागद लावायला हात थांबायचे, मान वर व्हायची, कार्बन नीट बसलाय का ते बघायचं, फाइल द्यायला उठायचं. यात आरोग्याचा विचार कुणी केला नव्हता, यंत्रच तसं होतं. स्क्रीनवरचं पान संपतच नाही. आपण ज्याला स्क्रोल म्हणतो, त्याने ही सगळी उठबस खाऊन टाकली.

नायॉशच्या लोकांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरात केलेला अभ्यास १९८१ मध्ये छापून आला आणि त्यातली गोष्ट मला या अख्ख्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची वाटते. टर्मिनलवर विम्याचे वगैरे आकडे भरणाऱ्या कारकुनांच्या तक्रारी सर्वांत जास्त होत्या. टर्मिनलवरच काम करणारे पत्रकार आणि संपादक यांच्या तक्रारी मात्र पुष्कळ कमी. पडद्यासमोर दोघेही, पण पत्रकार उठू शकतो, फोन करू शकतो, विचार करत खिडकीबाहेर बघू शकतो. कारकुनाची दर तासाची कामगिरी मशीनच मोजतं. मग डोळे दुखतात म्हणून सांगणाऱ्या माणसाचं नेमकं काय दुखतंय, हे डोळ्यांच्या डॉक्टरने एकट्याने कसं ठरवायचं?

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञमंडळाने १९८३ मध्ये यावर जाडा अहवाल काढला. म्हणणं असं: टर्मिनलमुळे डोळ्यांना इजा होते याला पुरावा नाही, आतापर्यंतचे बरेचसे अभ्यास कच्चे आहेत, त्रास होतो तो मांडणी, प्रकाश आणि कामाच्या स्वरूपामुळे. मंडळातल्या लॉरेन्स स्टार्क या सदस्याला हे पटलं नाही. त्याची असहमती त्या अहवालातच छापलेली आहे. कंपन्यांनी अर्थातच पहिलं वाक्य उचललं. 'मांडणी आणि कामाच्या स्वरूपामुळे' हा भाग मागे राहिला, कारण तो दुरुस्त करायला पैसे लागतात.

आता माझा आवडता माणूस. जॉन गुल्ड. नोकरी आयबीएममध्ये, न्यूयॉर्कजवळच्या यॉर्कटाउन हाइट्सच्या संशोधन केंद्रात. म्हणजे लकीश बल्बच्या कंपनीत, तसा हा स्क्रीनच्या कंपनीत. याने काय केलं बघा.

१९८४ मध्ये त्याने चोवीस जणांना प्रूफं तपासायला बसवलं. तीच माणसं, त्याच तऱ्हेचा मजकूर, एक दिवस कागदावर आणि एक दिवस स्क्रीनवर. दिवसभरात पाऊण-पाऊण तासाच्या सहा पाळ्या. आधी आणि नंतर नजरेच्या चाचण्या. आम्हा इंजिनियर लोकांना ही पद्धत ओळखीची आहे: बाकी सगळं सारखं ठेवा आणि एकच गोष्ट बदला. निकाल आला तो असा: डोळ्यांच्या चाचण्यांत फारसा बदल नाही, पण काम कागदावर २० ते ३० टक्के जलद झालं. याच्या दोन वर्षं आधी टोरांटोमध्ये पॉल म्यूटर आणि मंडळींनी दोन तास वाचायला लावून बघितलं होतं. तिथेही टीव्हीच्या पडद्यावर वाचन पुस्तकापेक्षा २८.५ टक्के हळू, आणि ताणाची तक्रार मात्र जास्त नाही.

म्हणजे थकवा मापात येत नव्हता, पण डोळा कुठेतरी किंमत मोजत होता आणि ती वेळेत दिसत होती. स्क्रीन विकणाऱ्या कंपनीतल्या माणसाने 'आमची स्क्रीन कागदापेक्षा हळू' हे जाहीरपणे छापलं, याचं मला कौतुक वाटतं.

गुल्ड तिथे थांबला नाही. हळू का, हे शोधायला त्याने एकामागून एक प्रयोग लावले. अंतरामुळे? कागद आडवा आणि स्क्रीन उभी म्हणून? सवय नाही म्हणून? उजेड-अंधार उलटा म्हणून? कुठलंही एक कारण एकट्याने सगळा फरक भरून काढेना. हे वाचताना मला बग शोधतानाचे दिवस आठवतात: दहा संशयित, प्रत्येक जण थोडाथोडा गुन्हेगार. शेवटी त्याने अक्षरच बदललं. पांढऱ्यावर काळं, ठिपके जास्त दाट, आणि कडेच्या ठिपक्यांना करडी छटा. ही करडी छटा म्हणजे आज ज्याला आपण अँटी-अलायझिंग म्हणतो ते. १९८७ मध्ये त्याने छापलं की अशा स्क्रीनवर लोक कागदाइतक्याच वेगाने वाचतात.

हे नीट समजून घ्यायचं तर 'ळ' बघा. दोन गोल वळसे. चौकोनी ठिपक्यांनी गोल काढायला गेलं की पायऱ्या-पायऱ्या होतात. कडेच्या ठिपक्यांना अर्धवट काळं केलं की डोळ्याला तो वळसा गुळगुळीत वाटतो. रोमन अक्षरांत हे एकवेळ चालून जाईल, पण आपल्याकडे अनुस्वार म्हणजे एकच ठिपका. तो गेला तर शब्दच बदलतो. देवनागरी वाचणाऱ्याने गुल्डचे जरा जास्तच आभार मानायला हवेत, असं माझं मत. २०१० मध्ये आयफोन ४ इंचाला ३२६ ठिपके घेऊन आला, तेव्हा ही अक्षरांची लढाई जवळजवळ संपली.

मग डोळे अजून का जळतात?

उत्तर जपानमधून आलं आणि तेही अगदी छोट्या टिपणात. १९९३ मध्ये काझुओ त्सुबोता आणि कात्सू नाकामोरी यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये कचेरीतल्या १०४ लोकांच्या पापण्यांचा हिशोब दिला. निवांत बसलेले असताना मिनिटाला सरासरी २२ वेळा उघडझाप. पुस्तक वाचताना १०. टर्मिनलकडे बघताना ७.

आली का गंमत लक्षात? लकीशच्या हिशोबात पापणी जास्त लवली तर ताण. इथे पापणी कमी लवते म्हणून त्रास. माप तेच, अर्थ उलटा. मधल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत डोळा बदललेला नाही, बघणाऱ्यांनी प्रश्न बदलला. लकीश थकवा शोधत होता, त्सुबोता अश्रू शोधत होते. पापणी लवते तेव्हा डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पुन्हा पसरतो. नाही लवली तर तो सुकतो.

त्यांनी आणखी एक गोष्ट मोजली: डोळ्याचा किती भाग उघडा राहतो. पुस्तक मांडीवर असतं, नजर खाली, पापणी अर्धी मिटलेली, उघडा भाग १.२ चौरस सेंटिमीटर. टर्मिनल समोर असतं, नजर सरळ, उघडा भाग २.३. जवळपास दुप्पट. वर एसीचा झोत. इतकी वर्षं किरणं, उजेड आणि स्नायू यांच्यामागे लागलेल्या लोकांच्या नाकासमोर ही गोष्ट होती: मॉनिटर पुस्तकापेक्षा उंचावर ठेवलाय.

पण थांबा. पुस्तक खाली आणि स्क्रीन वर, म्हणजे तुलना पुन्हा एकसारखी नाही झाली. गुल्डने शिकवलेला धडा इथे लागू होतो. न्यूयॉर्कच्या ऑप्टोमेट्री कॉलेजात मार्क रोझेनफील्ड आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कागद आणि स्क्रीन जमेल तेवढे सारख्या स्थितीत आणून पुन्हा मोजलं. २०१४ मध्ये त्यांनी छापलं की अशा वेळी उघडझापेची संख्या सारखीच निघते. फरक निघाला तो दुसऱ्याच गोष्टीत. स्क्रीनवर अर्धवट मिटणाऱ्या पापण्या जास्त: कागदावर ४.३३ टक्के, स्क्रीनवर ७.०२ टक्के. आणि पुढच्या वर्षी त्यांनी दाखवलं की पापणीवर खरा परिणाम मजकूर डोक्याला किती कठीण आहे याचा होतो, तो कागदावर आहे की टॅब्लेटवर याचा कमी. कोडमधला हट्टी बग शोधताना डोळे का तारवटतात, याचं हे मला पटलेलं उत्तर.

याचा अर्थ फरक शून्य असा काढू नका. याच लोकांनी २०११ मध्ये ३० जणांना तोच मजकूर, तेच ५० सेंटिमीटर अंतर, वीस मिनिटं असं वाचायला दिलं होतं. तरीही स्क्रीनवर त्रास जास्त वाटला, विशेषतः पुसट दिसण्याचा. वीसच मिनिटांत. मोजायची पट्टी म्हणजे प्रश्नावली: किती जळतंय, शून्य ते दहा. कंपन्यांत वर्षातून एकदा भरून घेतात ना तसलीच. आमच्याकडेही येते, आणि सगळे जण ती मीटिंग चालू असताना भरतात.

इथे जेम्स शीडी या अमेरिकन संशोधकाचं २००३ चं काम कामी येतं. त्याने लोकांना मुद्दाम वेगवेगळ्या तऱ्हेने छळलं: कधी बारीक अक्षरं, कधी चकाकी, कधी नजर वर करायला लावून, कधी अगदी जवळून बघायला लावून. आणि विचारलं, कुठे दुखतं? उत्तरं दोन ढिगांत पडली. जळजळ, कोरडेपणा, चुरचुर डोळ्याच्या पुढच्या बाजूला. ठणका, ओढ, डोकेदुखी डोळ्याच्या मागे. चकाकी, बारीक अक्षरं आणि वर बघणं यांनी पुढचा त्रास होतो. जवळून बघणं आणि चष्म्याचा नंबर चुकलेला असणं यांनी मागचा. आपण दोन्हींना एकच नाव देतो, 'डोळ्यांवर ताण'. आणि शंभर वर्षं लोक एकाच मापात हे दोन त्रास पकडायला बघत होते. कारमायकलच्या सहा तासांच्या पट्टीवर यातलं काहीच उमटणार नव्हतं, कारण तिथे नजरेच्या उड्या मोजत होते. कोरड्या डोळ्यालाही उड्या व्यवस्थित मारता येतात.

तुमच्यापैकी बहुतेक जण हे फोनवर ऐकताय किंवा वाचताय, म्हणून एक आकडा. छापील मजकूर लोक साधारण ४० सेंटिमीटरवर धरतात. २०११ मध्येच रोझेनफील्ड यांच्याकडे फोनचं अंतर मोजलं गेलं. मेसेज वाचताना सरासरी ३६.२ सेंटिमीटर, वेबपेज वाचताना ३२.२. आठ सेंटिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल, पण डोळ्यातल्या त्या छोट्या स्नायूला विचारा. शीडीच्या हिशोबात हा दुसरा ढीग, डोळ्याच्या मागचा ठणका. म्हणजे फोनमध्ये नजर खाली असल्यामुळे कोरडेपणाची बाजू जरा सावरते आणि जवळ धरल्यामुळे ठणक्याची बाजू बिघडते. मॉनिटरचं बरोबर उलट.

आणि निळ्या प्रकाशाचे चष्मे. आमच्या टीममध्ये निम्म्या लोकांच्या नाकावर आहेत. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्या एकत्र करून बघितल्या. साध्या काचेच्या तुलनेत, निदान थोड्या काळासाठी तरी, ताण कमी होण्यात फरक पडत नसावा, असा त्यांचा निष्कर्ष. १९७७ मध्ये लोक पडद्यातून किरणं शोधत होते, आज निळा रंग शोधतात. पडद्यातून काहीतरी बाहेर येतं आणि डोळ्यात घुसतं, ही कल्पना काही केल्या सुटत नाही. स्क्रीन किती उंच आहे, अक्षर किती मोठं आहे, तासाला किती वेळा उठता येतं, यावर चष्मा विकता येत नाही.

आता एक अडचण उरते आणि ती संशोधकांना खरोखर सतावणारी आहे. ग्रांजाँच्या अभ्यासात चौथा गट होता, कागदावर काम करणारे पारंपरिक कारकून. त्यांच्याशी तुलना केली म्हणून बाकी तिघांचे आकडे बोलले. आज असा गट गोळा करायला गेलात तर दिवसभर फक्त कागदावर काम करणारी माणसं कुठून आणणार? माझ्या मजल्यावर दीडशे लोक आहेत. त्यांत कागद रोज हातात घेणारा एकच माणूस आहे, खाली गेटवर रजिस्टर लिहिणारा. त्यालाही पुढच्या महिन्यात टॅब्लेट मिळणार आहे.

भेटू पुढच्या भागात.